खुणेचे पाय

खतीजाबीनं सकाळी खुराड्याची फळी बाजूला केली, की सगळ्यात आधी शकुबाईची पिवळी बाहेर पडायची आणि बाकीच्या कोंबड्या तिच्या मागं. त्या दिवशी फळी काढली तर पिवळी तोंडाशीच बसून होती. बोटानं ढकललं तशी ती कलंडली. मान एका अंगाला पिळलेली, चोचीतून चिकट लाळ, शेपटीखाली हिरवं-पांढरं लागलेलं, आणि तुरा जांभळा पडलेला.

आदल्या बाजाराला चाँद पाशानं बाळापूरहून आणलेला तांबडा कोंबडा असाच गेला होता. चाँद पाशा म्हणजे खतीजाबीचा नवरा, जातीनं आणि धंद्यानंही पिंजारी. गाद्या-लेपांचा कापूस पिंजून द्यायचा आणि मजुरीत जे मिळेल ते घेऊन यायचा. कोंबडा त्यानं मोठ्या ऐटीत आणला आणि तो मेल्यावर "उन्हानं गेला" असं ठरवून मोकळा झाला. चैत्र सरत आला होता, ऊन तर होतंच, म्हणून तिनंही जास्त खोदून विचारलं नव्हतं.

"उन्हानं मान मोडत न्हाई," पिवळीला हातात घेऊन ती म्हणाली. "मानमोडी हाये ही. तुमच्या कोंबड्यानं आनली."

चाँद पाशा पिंजणाची तात, कापूस पिंजायची दोरी, ओढून बघत होता. "कोंबडा माझा कुटं? बाळापूरचा व्हता."

"आनला कोनं?"

"पायानं आला का त्यो? मीच आनला," तो म्हणाला, आणि पुन्हा तात ओढायला लागला.

त्या खुराड्यात खतीजाबीच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोन-तीनच कोंबड्या. बाकी सगळ्या अर्धलीच्या. म्हणजे कोंबडी गावातल्या एखाद्या बाईची, सांभाळणारी ही. अंड्यांवर बसवायची हिनं, घारीपासून पिल्लं राखायची हिनं, आणि पिल्लं हाताशी आली की निम्मी तिची, निम्मी हिची. कोणती कोंबडी कुणाची ते कळावं म्हणून ज्या-त्या बाईनं आपल्या लुगड्याची चिंधी कोंबडीच्या पायाला बांधलेली. आणि कोंबडी मेली तर चिंधीसकट दोन्ही पाय मालकिणीला नेऊन दाखवायचे. त्याला खुणेचे पाय म्हणायचे. पाय दाखवले नाहीत, तर बाईनं कोंबडी कापून खाल्ली असं धरून चालायचं. घारीनं नेली, मांजरानं ओढली, असल्या सबबी त्या गावात कुणी ऐकून घेत नसे.

खतीजाबीनं इतक्या वर्षांत एकाही कोंबडीचे पाय चुकवले नव्हते. दुखणेकरी कोंबडी मरायच्या आत हलाल करून टाकू, असं चाँद पाशा कितीदा म्हणायचा, तोंडाला पाणीही सुटायचं बिचाऱ्याच्या. पण मालकिणीला विचारल्याबिगर सुरी लावायची नाही हा तिचा हट्ट. घरात जमीन नव्हती, बैल नव्हता. लोक विश्वासानं कोंबडी आणून सोडतात, एवढीच काय ती तिची इस्टेट.

तिनं विळ्यानं पिवळीचे पाय उतरवले, पदरात घेतले आणि निघाली.

शकुबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. दोन-चार कोंबड्या सुपाच्या कडेनं दाणे टिपत होत्या. खतीजाबीनं पाय पुढं केले.

"गेली माय तुमची पिवळी."

शकुबाईनं सूप ठेवलं, पाय उलटेपालटे केले, चिंधी ओळखली. "लई गुनाची व्हती. अन् तू बी काय बाई, एवढ्या उन्हात पाय घेऊन आलीस. माझा काय भरोसा न्हाई का तुझ्यावर?"

"भरोसा हाये म्हनूनच आले," खतीजाबी म्हणाली.

शकुबाईनं पाय उकिरड्याकडं फेकले. कोंबड्या लगोलग तिकडं धावल्या. खतीजाबी परत निघाली तेव्हा तिला बरं वाटत होतं. कोंबडी गेली, पण शब्द राहिला होता.

पुढं मर वाढतच गेली. सकाळी फळी काढली की आत एखादी तरी पाय ताणून पडलेली. खतीजाबीनं कांदा ठेचून हळदीत कालवून चारला. चुन्याची निवळी पाजली. खुराड्यात कडुनिंबाचा धूर केला, जमीन खरवडून राख पसरली. चाँद पाशानं पिंजण भिंतीला टांगलं आणि तिच्यासोबत बसून एकेका कोंबडीची चोच उघडून धरली. त्याच्या बोटांना चोचींचे ओरखडे पडले. कोंबड्या तोंड वासून श्वास ओढायच्या, गळ्यात घरघर वाजायची. पंख लोंबायचे, मग पाय जायचे, आणि शेवटी मान फिरून मागं बघायची. बघवत नव्हतं.

एवढ्यातही खतीजाबीची फेरी चुकली नाही. आज रुख्मिणीबाईकडं, उद्या सुताराच्या घरी, परवा आणखी कुणाकडं. सगळीकडं पाय दाखवायचे, चार शब्द ऐकायचे आणि परत यायचं.

"सरकारी गिरदावराचा शिपाई बरा तुझ्यापरीस," चाँद पाशा म्हणाला. "त्यो गावात आला तर कोंबडी मागतो, तू पाय वाटत फिरून राहिलीस."

"मंग काय पाय चुलीत घालू? उद्या कोनी म्हनलं खाल्ली, तर तुमी तोंड द्याल का?"

त्यानं पुढच्या कोंबडीची चोच उघडून धरली.

तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि फेऱ्या दोन-तीन दिवस बंद पडल्या, तेवढ्यात गावातून बातमी आली. शकुबाईच्या अंगणातल्या कोंबड्या मेल्या. रुख्मिणीबाईच्या मेल्या. सुताराचं तर खुराडंच रिकामं झालं.

काटा निघाल्यावर ती विहिरीवर गेली तर बायका एका बाजूला सरकल्या. रुख्मिणीबाईनं आपली भरलेली घागर उचलून पलीकडं ठेवली.

"हिच्या हातालाच कायतरी हाये," कुणीतरी हळूच बोललं, पण ऐकू येईल इतकं.

खतीजाबीनं पोहरा सोडला, पाणी ओढलं, घागर भरली. इतक्या वर्षांच्या शेजारणी, आणि घागर पलीकडं ठेवतात. तिला रडू येत होतं. रडायचं ते घरी जाऊन, असं स्वतःला बजावून ती डोईवर घागर घेऊन चालायला लागली.

घराच्या छपरावर दोन जोड पाय वाळत पडलेले होते. ते लालसिंगाच्या बायकोच्या, मंजुळाबाईच्या कोंबड्यांचे. लालसिंग शेतातच झोपडी बांधून राहायचा, ओढ्याच्या पलीकडं, आणि काट्यामुळं खतीजाबीचं तिकडं जायचं राहून गेलं होतं. तिनं ते पाय पदरात बांधले आणि लंगडत निघाली.

झोपडी बांधावरून दिसत होती. तिथं पोचली आणि खतीजाबी थांबली. मंजुळाबाईच्या कोंबड्या गोठ्याच्या मागं शेण उकरत होत्या. एक कोंबडा तर ढिगावर चढून आरवत होता, जसं गावात काही घडलंच नाही. तिला आधी बरं वाटलं. गावात कुठं तरी कोंबडा आरवतोय, एवढ्यानंच बरं वाटलं.

मग तिच्या मनात एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. शकुबाईकडं पाय नेले, तिच्या मेल्या. रुख्मिणीबाईकडं नेले, तिच्या मेल्या. सुताराकडं नेले, तिथंही तेच. इथं यायचं राहिलं, आणि इथं कोंबडा आरवतोय. आणि पाय तर आता पदरात होते.

"खतीजाबी, या की," मंजुळाबाईनं झोपडीतून हाक मारली. "तिथं काहून उभ्या?"

"येत न्हाई मी," खतीजाबी बांधावरूनच बोलली. "तुमच्या दोनी बी कोंबड्या गेल्या. हे सांगाया आले."

"अगं माय. अन् खूण?"

"खूण न्हाई दाखवत. इथंच पुरून टाकते. तुमी इकडं येऊ नका, अन् तुमच्या कोंबड्या काय दिवस गावाकडं सोडू नका."

मंजुळाबाई तरुण पोर. तिला काही उमगलं नाही, पण तिनं मान हलवली. "बरं. पन पानी तरी पिऊन जा."

"पानी बी नको," खतीजाबी म्हणाली. ह्या उन्हात कुणाच्या दारचं पाणी नाकारणं चांगलं दिसत नव्हतं, आणि ते तिला कळत होतं.

दगडानं खड्डा करून तिनं पाय पुरले. ओढ्यात उतरून पदर, हात, पाय वाळूनं घासले. टाचेची जखम चरचरली तरी घासत राहिली.

घरी आल्यावर तिनं चाँद पाशाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे कोंबडा म्या आनला, अन् घरोघर तू पोचवला."

दुसरा कुणी असता तर शब्द मवाळ केला असता. ह्या माणसाला ते कधी जमलं नाही. खतीजाबीला त्या रात्री भाकर गेली नाही. आपण ज्याला इमान म्हणत होतो, त्याच इमानानं आपण शेजारणींची खुराडी रिकामी केली, हे तिच्या मनात रुतून बसलं. खरं की खोटं, कुणाला विचारणार? तालुक्याला जनावरांचा डॉक्टर असेल तर असेल, कोंबडीसाठी तो कशाला येतोय. तिला फक्त एवढं दिसत होतं, की पाय जिथं गेले नाहीत तिथं कोंबड्या उभ्या आहेत.

"आता गावात एकच घर राहिलं," ती म्हणाली. "चतुराबाईचं."

चतुराबाई म्हणजे तातेरावांची बायको. घर गावाच्या पार खालच्या अंगाला, भोवती काटेरी कुंपण, त्यामुळं तिच्या कोंबड्या गावात मिसळायच्या नाहीत. गावातला सगळ्यात मोठा कोंबड्यांचा कळप तिचा. त्यात अंड्यांवर खुडूक बसलेल्या, पिल्लांच्या, अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा, सगळ्या. तेवढं घर वाचलं तर पावसाळ्यात गावाला पुन्हा अंडी मिळणार होती, पिल्लं होणार होती, आणि कुणाच्या तरी अर्धलीनं खतीजाबीचं खुराडंही भरणार होतं. ते गेलं तर साऱ्या गावात कोंबडीचं पीस राहणार नव्हतं.

आणि चतुराबाईच्या तीन कोंबड्या खतीजाबीकडं होत्या. त्यातली काळी दुसऱ्याच दिवशी गेली.

खतीजाबीनं ती चिंधीसकट अख्खी पुरली, वरून चुना टाकला. मग चतुराबाईच्या कुंपणाबाहेर लांब रस्त्यावर उभी राहून तिनं हाक मारली.

चतुराबाई बाहेर आली. "तिकडून काहून ओरडून राहिली? आत ये की."

"तुमची काळी गेली, बाई. पुरून टाकली."

"पुरली? अन् पाय?"

"पाय न्हाई आनत. पायातूनच दुखनं घरोघर जातंय, असं मला वाटतं. शकुबाईकडं म्याच नेले, रुख्मिणीबाईकडं म्याच नेले. तुमच्याकडं न्हाई आननार."

चतुराबाई हसली. "इतकी वर्सं पाय आनत व्हतीस, तव्हा न्हाई गेलं दुखनं? माझ्याच काळीच्या बारीला पायात दुखनं शिरलं?"

"तव्हा ही मर नव्हती, बाई."

"कुटं पुरली ते दाव. म्या सोता उकरून बघते."

"ते बी न्हाई दावत."

"बरं," चतुराबाई म्हणाली. एवढंच म्हणाली आणि आत गेली. पण त्या आवाजातला संशय खतीजाबीला बरोबर कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चतुराबाई आली. काखेत कोंबड्या न्यायचं डालगं, मागं गल्लीतल्या बायका, त्यात शकुबाई आणि रुख्मिणीबाईही. खतीजाबी तिला दुरून बघताच खुराड्याकडं गेली, फळी लावली आणि फळीला पाठ टेकून खाली बसली.

"ऊठ," चतुराबाई अंगणात येऊन म्हणाली. "माझ्या राहिलेल्या दोनी काढ. मी घरी नेते."

"अंगनात पाय ठिवायचा नव्हता तुमी."

"माझ्या कोंबड्या न्यायला तुझा हुकूम लागतो का? काढ म्हनते ना."

"न्हाई काढत. एकीला घरघर लागली हाये. घरी नेली तर तुमच्या पिल्लांसकट सगळं बसंल."

"हे बघा," चतुराबाई बायकांकडं वळली. "काळी पुरली म्हनती, पन जागा दावत न्हाई. पाय आनत न्हाई. आता जित्या बी देत न्हाई. तुमीच सांगा हिला काय म्हनायचं."

शकुबाई खाली बघत होती.

"एक तर जागा दाव," चतुराबाई म्हणाली, "म्या उकरते, पाय बघते अन् गुमान जाते. न्हाई तर सांग, का खाल्ली."

खतीजाबीच्या डोळ्यांपुढं ती जागा आली. चुन्याचा पांढरा डाग, ओली माती. चतुराबाई हातानं उकरणार, पाय लुगड्याला पुसणार आणि तसंच घरी जाऊन पिल्लांना दाणे टाकणार. समजावून झालं होतं, ओरडून झालं होतं. आता ह्या बाईच्या हाताला त्या मातीपासून लांब ठेवायला एकच वाट राहिली होती.

"खाल्ली," ती म्हणाली.

चतुराबाईनं काखेतलं डालगं सावरलं.

"काय म्हनलीस?"

"काळी कापून खाल्ली. पुरली-बिरली काय न्हाई. उकरायला बी काय न्हाई."

"अन् बाकीच्या दोन?"

"त्या बी खाल्ल्या. घरघरती ती दुसऱ्याची, मघाशी खोटं बोलले म्या."

फळीमागं एक कोंबडी घरघरली. ती कुणाची, ते फळीआड कुणाला दिसायचं नव्हतं. चतुराबाईचं तोंड उघडं राहिलं. भांडायला ती पुरती तयार होऊन आली होती आणि भांडायला काही उरलंच नव्हतं.

"तीन कोंबड्या?" रुख्मिणीबाई पुटपुटली. "दोघाच मानसांनी?"

"मीच जास्त खाल्ल्या," चाँद पाशा दारातून बोलला. तोवर तो घरात उभा राहून ऐकत होता. गालफडं बसलेली, बंडीतून फासळ्या दिसतायत, अशा माणसानं हे म्हणावं. "म्हातारपनी लई भूक लागती मला. तिला काय बोलू नका."

खतीजाबीनं त्याच्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं तिच्यासाठी कधी लुगडं आणलं नव्हतं. पण आज चोरीतला निम्मा वाटा त्यानं न मागता उचलला. तिनं फळीला पाठ आणखी घट्ट टेकली.

"चोट्टी," चतुराबाई म्हणाली. "वर्सानुवर्सं पाय दाखवून आमचा भरोसा घेतला, अन् पोटात हे. हिच्याकडं यापुढं कोंबडीचं अंडं बी द्यायचं न्हाई कोनी." तिनं रागानं डालगं तिथंच आपटलं आणि पाठ फिरवली. बायका तिच्या मागं निघाल्या. शकुबाई सगळ्यात शेवटी गेली.

त्या गेल्या, आणि खतीजाबीची नजर अंगणातल्या पायांच्या ठशांवर पडली. अनवाणी चतुराबाई ह्या मातीतून, ह्या विष्ठेतून चालून गेली होती. हेच पाय ती आता आपल्या अंगणात नेणार होती.

"डालगं जाळा," ती उठत म्हणाली. "आत्ता जाळा."

"जाळतो. तू कुटं निघाली?"

तिनं आधी आपले पाय धुतले, चुन्यात बुडवले. लुगडं बदलायला वेळ नव्हता. ते तिनं गुडघ्यापर्यंत वर खोचलं. भरलेली घागर एका हातानं डोईवर धरली, दुसऱ्या हातात राख आणि चुन्याचं मडकं घेतलं, आणि भर गल्लीतून जवळजवळ पळत निघाली. घागरीतलं पाणी हिंदकळून पाठीवर सांडत होतं. टाच ठणकत होती. लोक दारादारांत उभे राहून बघायला लागले. गोष्ट तिच्या आधीच गल्लीत पोचली होती.

चतुराबाई कुंपणाचं झापं उघडायला हात घालत होती, तेवढ्यात खतीजाबीनं तिला गाठलं आणि झाप्याच्या आणि तिच्या मधे आडवी झाली.

"बाई, थांबा. आत जाऊ नका."

"आता काय राहिलं तुझं?"

खतीजाबी बोलली नाही. तिनं घागर खाली ठेवली आणि रस्त्याच्या धुळीत चतुराबाईच्या पायांशी बसली. ओंजळीनं पाणी घेऊन तिनं तिच्या उजव्या पायावर ओतलं, राख-चुना लावला आणि चोळायला लागली.

मागून आलेल्या बायका थबकल्या.

"माफी मागून राहिली," रुख्मिणीबाई म्हणाली.

"मागंल न्हाई तर काय. चोरी कबूल केल्यावर पाय धरावेच लागतात," दुसरी म्हणाली.

खतीजाबीला सगळं ऐकू येत होतं. अशी लाज तिला जन्मात कधी वाटली नव्हती. कान पेटले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. टाचेच्या भेगांत माती अडकली होती, ती तिनं नखानं काढली. बोटांच्या बेचक्या एकेक करून घासल्या. पुन्हा पाणी ओतलं.

चतुराबाईचा राग हळूहळू उतरायला लागला. पायाशी बसून कुणी रडतंय म्हटल्यावर कुणालाही बरं वाटतं, आणि चतुराबाई काही दगड नव्हती.

"असू दे," ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "भूक वाईट असती. झालं ते झालं, मनातून काढलं म्या. ऊठ आता."

झाप्याच्या आत एक कोंबडी पिल्लांना कुरकुर करून बोलावत होती. पिल्लांची चिवचिव खतीजाबीच्या कानाशीच होती. तिनं मान वर केली नाही.

"दुसरा पाय द्या, बाई," ती म्हणाली.